डेकवर होता का खाली?

आमच्या रेल्वे क्वार्टर्सच्या शेजारी एक चाची राहायच्या, कोकणातल्या, दाभोळच्या खाडीकाठच्या. नवरा रेल्वेत, बदली होऊन सोलापूरला आले आणि मग इथलेच झाले. आमच्या गल्लीतले बाकीचे मुसलमान दखनी बोलायचे आणि चाची मात्र कोकणी मराठी, त्यामुळं त्यांचं बोलणं आम्हा पोरांना एकदम वेगळं वाटायचं. मला त्या 'बाय' म्हणायच्या. "इकडं ये गो बाय." अजून कुणी बाय म्हटलं की माझी मान वळते.

त्यांचे वडील बोटीवर होते आणि युद्धात गेले एवढं सगळ्या गल्लीला माहीत होतं. 'गेले' म्हणजे काय ते मात्र त्या कधी पुरतं बोलायच्या नाहीत, वारले हा शब्द तर मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नाही. मी दहा-अकरा वर्षांची असेन, उन्हाळ्याची रात्र, लाइट गेलेली, सगळे बाहेर बाजा टाकून बसलेले आणि माझ्या आजोबांनी सहज विषय काढला. आजोबा मिलमध्ये बॉयलरवर होते, आयुष्यभर फावड्यानं कोळसा टाकलेला माणूस, तळहात लाकडासारखे. त्यांनी चाचीला विचारलं, "तुझा बाप बोटीवर काय करायचा गं? डेकवर होता का खाली?"

चाची म्हणल्या, "डेकवर. टंडेल होते."

आजोबा नुसतं "हां" म्हणले आणि गप्प बसले, नंतर बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा एक प्रश्न, एक उत्तर, संपलं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला तो राहिलाच, आणि त्याचा अर्थ कळायला मला जवळजवळ पस्तीस वर्षं लागली.

आता सोलापूरकराला समुद्राचं काय, असं कुणीही म्हणेल. आमच्याकडं सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, आणि समुद्र बघायचा तर रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसायचं आणि सकाळी मुंबईला उतरायचं. पाणी आमच्या नळाला चार-चार पाच-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं आमचं पाण्याशी नातं पिंपाचं आणि घागरीचं, लाटांचं नाही. पण एक माणूस आहे ज्याच्यामुळं सोलापूरच्या प्रत्येक शाळकरी पोराला एक बोट माहीत असायला हवी होती. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 10 ऑक्टोबर 1910 चा जन्म, आमच्या सोलापूरचा. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं स्मारक झालंय, आम्ही शाळेत त्यांच्यावर भाषणं केली, निबंध लिहिले. 1 सप्टेंबर 1938 ला ते आणि आणखी चार डॉक्टर, अटल, चोळकर, बसू आणि मुखर्जी, चीनला जायला मुंबईतनं निघाले. हे सगळं पाठ होतं. ज्या बोटीनं निघाले तिचं नाव मात्र मला माझ्या पंचेचाळिशीत कळलं. 'राजपुताना'. पी अँड ओ कंपनीची. ह्याच बोटीनं 1931 मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेला गेले होते.

आणि त्या बोटीचं पुढं काय झालं बघा. युद्ध लागल्यावर नौदलानं ती ताब्यात घेतली, प्रवासी बोटीवर तोफा बसवल्या आणि अटलांटिकमध्ये मालवाहू बोटींच्या ताफ्याबरोबर राखणीला पाठवली. 13 एप्रिल 1941 ला आइसलँडच्या पश्चिमेला जर्मन पाणबुडी यू-108 नं टॉर्पेडो मारला आणि ती बुडाली, चाळीसवर माणसं गेली. डॉक्टर कोटणीस तेव्हा चीनमध्ये जखमी सैनिकांची ऑपरेशनं करत होते. पुढं 9 डिसेंबर 1942 ला ते तिथंच वारले, बत्तीस वर्षांचे. त्यांची समाधी आहे, पुतळा आहे, चीनचे मोठमोठे नेते भारतात आले की त्यांच्या घरच्यांना आवर्जून भेटत आलेत. असावंच की. मला त्याचा अभिमान आहे, माझं गाव आहे. पण त्या 1938 च्या प्रवासात बोटीच्या पोटात बसून बॉयलर कुणी पेटता ठेवला, दोर कुणी ओढले, जेवण कुणी रांधलं, त्यातला एकही माणूस मला नावानं सांगता येत नाही आणि ह्याचं मला वाईट वाटतं.

बोटीवरची ती दुनियाच वेगळी होती. ब्रिटिश व्यापारी बोटींवर त्या काळात साधारण पन्नास हजार भारतीय खलाशी होते, म्हणजे दर चार माणसांत एक आपला. इंग्रज त्यांना लास्कर म्हणायचे. आपल्याकडं खलाशी, पण त्यातही पायऱ्या. डेकवरच्या सगळ्यांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, मग साधे खलाशी. सुकाणू धरणारा सुखानी. भांडारी म्हणजे स्वैपाकी. आणि खाली इंजिनरूममध्ये आगवाले, कोळसा ओढून आणणारे कोयलावाले, तेलवाले. मुंबईतनं निघणाऱ्या बोटींवर डेकला पुष्कळदा रत्नागिरीकडचे मुसलमान, खाली पंजाबी आणि पठाण, वर प्रवाशांच्या दिमतीला गोव्याचे. कलकत्त्यातनं निघणाऱ्यांवर सिल्हेटचे, नोआखालीचे, चितगावचे. भरती सारंगच करायचा, आणि सारंग स्वतःच्या गावची, नात्यागोत्यातली पोरं नेणार हे उघडच आहे. म्हणजे एक बोट बुडाली की एकाच खाडीकाठच्या दोन-तीन गावांतली कितीतरी घरं एकाच रात्रीत रिकामी. चाचींच्या गावात तसंच झालेलं. वडील, चुलत चुलते, आणि एका घरातले तर बाप-लेक दोघं.

पगार गोऱ्या खलाशाच्या तिसरा-चौथा हिस्सा. युद्ध लागलं तेव्हा, 1939 च्या शेवटाला, ब्रिटनच्या बंदरांत आपल्या खलाशांनी संप केले, पगार वाढवा नाहीतर बोट हलणार नाही म्हणाले, कित्येकांना तुरुंगात टाकलं, शेवटी थोडी वाढ मिळाली. आमच्या गावानं 1930 चा मार्शल लॉ भोगलाय, चार हुतात्मे फाशी गेलेत, मिलचे संप तर आमच्या घरात ऐकत मी वाढले. पण लांब लिव्हरपूल-ग्लासगोच्या थंडीत, भाषा येत नाही अशा ठिकाणी, कोकणातली माणसं हात बांधून उभी राहिली हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बरं, आजोबांचा प्रश्न.

कोळशावर चालणाऱ्या बोटीचं बॉयलर म्हणजे पाण्याच्या पातळीच्या खाली. पाणबुडीचा नेम बोटीच्या मध्यावर, कारण तिथंच इंजिन, ते गेलं की बोट जागेवर थांबते. टॉर्पेडो लागला की खाली काय होतं हे मिलच्या बॉयलरवर काम केलेल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. वाफेचा पाइप फुटला तर काय होतं ते आजोबांनी बघितलेलं होतं, आईला एकदा त्यांनी सांगितलेलं मी आडून ऐकलंय, इथं लिहिणार नाही. वर जायला लोखंडी शिड्या, अंधार, आणि पाणी येतंय. खाली असला माणूस तर बहुतेक वेळा तिथंच आणि लगेच. डेकवर असला तर लाइफबोटीत उतरायला वेळ मिळण्याची आशा. आणि मग लाइफबोटीतले दिवस. माझ्या आजोबांनी समुद्र आयुष्यात एकदा बघितला असेल नसेल, पण 'डेकवर' हे उत्तर ऐकल्यावर ते गप्प का झाले ते मला आता कळतं. त्यांनी मनातल्या मनात ते दिवस मोजायला घेतले असणार.

ते दिवस कसे असायचे त्याचं थोडंफार लिहिलं गेलंय, कारण त्या बोटींत गोरी माणसंही होती आणि त्यांनी परत येऊन सांगितलं. 'सिटी ऑफ बनारस' ही बोट 17 सप्टेंबर 1940 च्या रात्री अटलांटिकमध्ये बुडाली, यू-48 पाणबुडीनं मारली. बाँबहल्ल्यांपासून वाचवायला म्हणून कॅनडाला पाठवलेली 90 मुलं तिच्यावर होती, त्यातली 77 गेली. ही गोष्ट ब्रिटनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असायलाच पाहिजे, पोरं ती. पण बोटीवरचे बहुतेक खलाशी आपले होते. वादळ, गारा, बर्फासारखं पाणी आणि अंगात मुंबईच्या हवेचे सुती कपडे. त्यांच्यातले कितीतरी जण बुडून नाही, लाइफबोटीत बसल्या जागी थंडीनं गेले. एक लाइफबोट, 12 नंबरची, आठ दिवसांनी सापडली. तिच्यात चाळीसवर माणसं होती, सहा मुलं, एक बाई, एक पाद्री, थोडे गोरे आणि बाकी सगळे भारतीय खलाशी. आठ दिवस, रोजचं पाणी घोटभर. आमच्याकडं पाण्याचा दिवस एक-दोन दिवस पुढं गेला की आम्ही पिंपात वाकून बघतो किती उरलंय, त्या वाकून बघण्यापलीकडं माझी कल्पना जात नाही, आणि त्यांच्या तर चारी बाजूंना पाणीच पाणी आणि प्यायला एक थेंब नाही.

चाचीच्या घरात वडलांच्या बोटीला 'सिटीची बोट' म्हणायचे, एवढीच खूण. आता 'सिटी'च्या बोटी म्हणजे एलरमन कंपनीच्या सिटी लाइनच्या, सिटी ऑफ हे आणि सिटी ऑफ ते, आणि युद्धात त्यातल्या कितीतरी बुडाल्या. त्यातली 'सिटी ऑफ कैरो' ऑक्टोबर 1942 मध्ये मुंबईतनं निघाली, केपटाऊनला थांबून पुढं, आणि 6 नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये सेंट हेलेना बेटापासून शेकडो मैलांवर यू-68 नं बुडवली. बोटीवर तीनशेच्या वर माणसं. बुडताना फार थोडी गेली, बाकीचे सहा लाइफबोटींत बसले, आणि मग त्या बोटींत माणसं एकेक करून जायला लागली. शेवटी 104 जण गेले, त्यात आपले खलाशी खूप. एक लाइफबोट सापडली ती 51 दिवसांनी, ब्राझीलजवळ, आणि तिच्यात दोनच माणसं जिवंत होती. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी उठून माठातलं पाणी प्यायले, आणि पिताना मला रडू आलं.

आणि त्याच बोटीवर चांदीचे रुपये होते, शंभर टनांच्या आसपास, ब्रिटनच्या सरकारी तिजोरीचे. ते रुपये आता वर काढलेत. समुद्राच्या तळाशी, 5,150 मीटरवर, म्हणजे पाच किलोमीटर खोल, बोट शोधली आणि यंत्रं सोडून रुपये उचलून आणले. 23 नोव्हेंबर 1942 ला जपानी पाणबुडीनं बुडवलेल्या 'तिलावा'चंही तसंच, मुंबईतनं आफ्रिकेला निघालेली बोट, 958 माणसांतली 280 गेली, आणि 2017 मध्ये तिच्यातल्या 2,364 चांदीच्या विटा वर आल्या, त्यावरनं लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला. मोजलेलं होतं ना, कितीव्या पेटीत किती ते लिहिलेलं होतं, म्हणून शोधलं. मला त्या कंपन्यांवर राग नाही धरायचा, चांदीसुद्धा कुणाची तरी असते. पण मी ते फोटो बघत बसले तेव्हा डोळ्यासमोर चाचीची आई आली, जिला मी कधी बघितलेलं नाही.

तिचं सांगते. घरी वडलांच्या पगारातली ठरलेली रक्कम मनीऑर्डरनं यायची. एके महिन्यात आली नाही. पुढच्या महिन्यात नाही. मग मुंबईहून कुणीतरी गाववाला आला आणि त्यानं जमातीत, म्हणजे गावच्या मुसलमानांच्या पंचायतीत, सांगितलं की बोट गेली. चाची तेव्हा चार वर्षांच्या. कंपनीचा कागद नंतर आला, इंग्रजीत, तो मास्तरांनी वाचून दाखवला. कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे, त्यांच्यात मय्यत समोर नसली तरी गायबाना नमाज पढता येते, गावात तशी पढलीही गेली, त्या गेलेल्या सगळ्यांसाठी मिळून. चाचीची आई त्या दिवशी घरातनं बाहेर आली नाही. "कुणी बघितलं काय त्यांना?" एवढंच ती विचारायची, आणि खरंच कुणी बघितलं नव्हतं. कायद्याच्या हिशेबानं सात वर्षं माणसाचा पत्ता नसला की तो मेला असं धरायला मुभा आहे. बायकोला तर त्याच्याही आधी, 1939 चा मुसलमान बायकांच्या घटस्फोटाचा कायदा आहे त्यात चार वर्षं नवरा बेपत्ता असेल तर सुटका मागता येते. लोकांनी तिला सांगून बघितलं, वय होतं तिचं, चोवीस-पंचवीस. तिनं काय केलं तर दरवर्षी जमातीची वर्गणी नवऱ्याच्या नावानं भरली. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावर वर्गणी असते. भात विकून, आंबा विकून, मोलमजुरी करून भरली, पण पावती त्यांच्याच नावाची फाडायला लावली. मरेपर्यंत. म्हणजे गावच्या जमातीच्या वहीत तो माणूस पुढची चाळीस वर्षं जिवंत होता.

चाचीनं मला हे सांगितलं तेव्हा त्या स्वतः सत्तरीच्या पुढं गेलेल्या, ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. म्हणल्या, "आयशीनं केलं ता बरा केलान का वायट, माका अजून कळत नाय बाय."

'रामदास' बोट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 17 जुलै 1947, रेवसला जाताना बुडाली, सातशेच्या आसपास माणसं गेली, अजून आठवण काढतात, लेख येतात. ती किनाऱ्यावरनं दिसेल इतकी जवळ होती, प्रेतं लागली, वाचलेल्यांनी पोहत येऊन सांगितलं. युद्धातले हे खलाशी मात्र सहा हजारांच्या घरात, आणि ते इतक्या लांब, इतक्या वेगवेगळ्या रात्री, एकेक करून गेले की त्यांचा एक दिवस असा झालाच नाही.

पण त्यांची वही आहे. लंडनला टॉवर हिलवर दुसऱ्या महायुद्धातल्या व्यापारी खलाशांचं मोठं स्मारक आहे, जवळजवळ 24,000 नावं, भिंतींवरच्या ब्राँझच्या पाट्यांवर. आपल्या माणसांची नावं तिथं नाहीत, ती एकसारख्या दोन पुस्तकांत आहेत, एक चितगावला आणि एक मुंबईला, मस्जिद बंदरच्या खलाशांच्या होममध्ये. नौदलाचे 400 आणि व्यापारी बोटींवरचे जवळपास 6,000. पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारकही त्याच इमारतीत. आणि मी, माझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी काजू-बदाम स्वस्त मिळतात म्हणून मस्जिद बंदरला गेलेले. दोन तास त्या गल्ल्यांत फिरले, हमालांच्या गाड्या चुकवत, भाव करत. चाची तेव्हा हयात होत्या. जवळच ते पुस्तक होतं, आणि मला माहीत नव्हतं.

चाची 2014 ला गेल्या.

त्यानंतर कधीतरी मला कळलं की ही सगळी नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर आहेत, शोधता येतात. मी मोबाइल घेऊन बसले आणि चाचीच्या वडलांचं नाव टाकलं. ते नाव इथं लिहीत नाही. एवढं सांगते की कोकणात दर दुसऱ्या मोहल्ल्यात सापडेल असं नाव आहे. इंग्रज कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं, एकच नाव चार स्पेलिंगनी, कधी बापाचं नाव पुढं, कधी नुसतंच पहिलं नाव. एकेक ओळ. हुद्दा, बोट, तारीख, काहींच्या पुढं वय, एखाद्याच्या पुढं गाव, बऱ्याच जणांपुढं काहीच नाही. मी वही घेतली आणि उतरवत गेले. आगवाले, भांडारी, खलाशी. खूप वेळ मी चाचीच्या वडलांना शोधणं विसरून नुसती नावंच वाचत होते, तोंडानं, मोठ्यानं, कारण नजरेनं वाचलं की ती सगळी एकसारखी वाटत होती आणि मोठ्यानं वाचलं की नव्हती वाटत.

शेवटी चार माणसं उरली. नाव जुळणारी, 1942 ची, सिटी लाइनच्या बोटींवरची. दोघांपुढं गाव नव्हतं, एकापुढं नुसतं रत्नागिरी, आणि एकाचं वय जरा कमी वाटत होतं पण तेव्हा वय कोण नीट सांगायचं. चौघांतला कोण आपला ते मला काही केल्या ठरवता येईना, आठवडाभर मी त्याच चार ओळी वर-खाली करत होते.

मग चाचीच्या मुलीला फोन केला, ती पुण्याला असते, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मी तिला आपा म्हणते. सगळं सांगितलं. म्हणलं आपा, चार आहेत, नक्की कुठले ते कळत नाही, उगाच तुला सांगितलं का असं वाटतंय. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणली, "तारखा आहेत काय चौघांच्या?"

म्हणलं, आहेत.

"थांब, कालनिर्णय काढते," ती म्हणली, आणि मला भिंतीवरनं ते काढल्याचा, पानं उलटल्याचा आवाज आला. "हां, सांग आता. हळू सांग, मी लिहून घेते. चारी दिवशी फातिहा देईन."

मी पहिली तारीख सांगितली. मग तिनं विचारलं, "ह्यांचं पुरं नाव काय लिहिलंय?" मी ते वाचलं. तिनं ते परत म्हणून बघितलं आणि म्हणली, "पुढचं."